साठ पानांचा नियम

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुला अजून वहिनी म्हणायचं की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नाही आणि मी कोणाला विचारायलाही जाणार नाही. फारकत तुझी आणि दादाची झाली, माझी कोणाशी काही झालेली नाही.

हे तिसरं पत्र. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. मी काय वाचतेय तेवढं कळवते, नाहीतर माझ्या पोटात दुखायला लागतं हे तुला माहीत आहे. सध्या एका आंधळ्या न्यायाधीशाच्या कादंबरीत अडकले आहे. सहाशे पानं, आणि पहिला पूर्णविराम अठ्ठेचाळिसाव्या पानावर येतो. वाचताना धाप लागते. तू वाचच. आधी तुझी चिडचिड होईल, मग तू गप्प होशील आणि शेवटी म्हणशील, "छान आहे, पण जड आहे." नेहमी तसंच म्हणायचीस.

दवाखान्यात तेच चाललंय. आत डॉक्टर कोणाची तरी दाढ उपटत असतात आणि बाहेर मी काउंटरखाली पुस्तक धरून बसलेली असते. परवा एका बाईंनी घाबरत विचारलं, "फार दुखतं का हो?" आणि मी मान वर न करता म्हणून गेले, "पहिली साठ पानं दुखेल." डॉक्टरांनी आत बोलावून चांगलंच झापलं. त्या बाई घाबरून तशाच घरी गेल्या आणि त्यांचा दात वाचला, पण त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

शनिवारचं आपलं वाचनमंडळ अजून वेटिंग रूममध्येच भरतं. तू गेल्यापासून आम्ही तिघंच: मी, भूगोलाच्या बाई आणि औषधवाला. बाईंनी न्यायाधीशाला एकसष्टाव्या पानावर रामराम ठोकला. नियमाप्रमाणे उठून उभ्या राहिल्या आणि पान जाहीर केलं. आपला नियमच तसा आहे ना, साठ पानांपर्यंत तोंडातून तक्रार काढायची नाही, आणि त्यापुढे सोडायचं असेल तर चारचौघांत उभं राहून पान सांगायचं. औषधवाला म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी नियम एकशे साठचा केला पाहिजे." बाई म्हणाल्या, "मग मी एकशे एकसष्टला उभी राहीन." तू इतक्या वर्षांत एकदाही उभी राहिली नाहीस. मी दोघांना अजून तुझंच उदाहरण देते, आणि दोघंही त्याला कंटाळले आहेत.

दादाविषयी काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तो काल दवाखान्यात आला. मला वाटलं दात दुखतोय. हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "ती बोगद्याची कादंबरी आहे का गं तुझ्याकडे? तिच्या हातात असायची ती." मी खुर्चीतून पडायची बाकी होते. ज्या माणसाने शाळा सुटल्यावर लिफ्टच्या मोटारीवरच्या पाटीपलीकडे काही वाचलेलं नाही, तो माणूस!

दिली मी. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, वजन बघितलं आणि म्हणाला, "एवढं?"

तुझी,
वाळवी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं उत्तर नाही. असू दे.

दादा वाचतोय. हे तुला सांगायचं नाही असं त्याने मला बजावलंय, म्हणून लगेच कागद घेऊन बसले.

कसा वाचतो विचारशील तर, ओळीखाली बोट ठेवून. पुस्तक हत्यारांच्या पेटीत पान्ह्यांच्या शेजारी ठेवतो. सगळ्या पानांना ग्रीसची बोटं लागली आहेत. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते ना, तिथे काम झालं की डबा खातो आणि वाचतो. पहिल्या आठवड्यात मला येऊन म्हणाला, "वाळवे, यात बोलतंय कोण हेच कळत नाही." मी त्याला सांगितलं की बोगदा दोन्ही बाजूंनी खणतायत, एकदा या टोकाचा मुकादम बोलतो आणि एकदा त्या टोकाचा, आणि कोण कधी बोलायला लागतो ते लेखक सांगत नाही. त्यावर तो म्हणाला, "मग वायरिंगचा नकाशा काढावा लागेल." आणि खरंच काढला! एका बाजूचे मजूर लाल पेनाने, दुसऱ्या बाजूचे निळ्या. आम्ही तिघं जन्मभर अवघड कादंबऱ्या वाचण्याच्या बढाया मारतोय, पण हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी मंडळात येऊन बसतो. पहिल्या शनिवारी साठ पानं व्हायच्या आत तक्रार करायला तोंड उघडलं, तर भूगोलाच्या बाईंनी त्याला वर्गात गप्प करतात तसं गप्प केलं.

कशासाठी वाचतोय, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, "संपलं की तिला एक पत्र लिहीन म्हणतो." एवढंच. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. पण वहिनी, तो माणूस या एका आशेवर नऊशे पानं ओढतोय. बाकी काही नाही तरी पुस्तकाविषयी दोन ओळी लिहिशील ना त्याला? शेवट कसा वाटला एवढं जरी लिहिलंस तरी पुरे. तुमचं जमणार नाही हे मलाही कळतं, मी काही भाबडी नाही. पण बोलायला एक विषय तरी होईल.

दादाला वाचताना बघते आणि मला आपल्या दुपारी आठवतात. एक ते चार दवाखाना बंद, मी पुस्तक काखोटीला मारून तुमच्याकडे. तू ओट्याशी, मी पाटावर. एकदा तू भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "या घरात माझं बोललेलं कोणाला ऐकूच जात नाही गं." आणि मी म्हटलं, "अरे वा, म्हणजे बोगद्यातल्या बहिऱ्या मजुराच्या प्रकरणापर्यंत पोचलीस!" किती हसलो होतो आपण. तू तर नळ बंद करून हसलीस.

तशी दुपार पुन्हा मिळाली नाही. औषधवाला चांगला माणूस आहे, पण त्याच्याशी बोलताना सारखं वाटतं की तो मला दिवसातून तीन वेळा जेवणानंतर घ्यायला सांगणार आहे.

तुझी,
वाळवी


१९ मार्च

वहिनी,

रागावलीस का? रागावली असशील तर तसं लिही. एक ओळ. शिवी घातलीस तरी चालेल.

एक नवीन कादंबरी मिळाली आहे. शेवटापासून सुरुवातीकडे जाते. पहिल्या पानावर म्हातारी मरते, मग हळूहळू तरुण होत होत शेवटच्या पानावर जन्माला येते. तुझ्यासाठी एक प्रत बाजूला काढून ठेवली आहे. पत्त्यावर पाठवू का? तुझ्याशिवाय ती कोणाला झेपणार नाही.

दादाच्या नोकरीवर गदा येता येता राहिली. ऑफिसची इमारत होती, चौदा मजले. मध्येच अडकलेली लिफ्ट दुरुस्त करून झाली, हा वर मशीनच्या खोलीत पुस्तक घेऊन बसला आणि बटण चालू करायचं विसरला. खाली दोन माणसं आणि एक पाण्याची बाटली, लिफ्टमध्ये अडकलेली. पाऊण तासाने शिपाई धापा टाकत वर आला, तर हा लाल पेनाने खुणा करतोय. साहेबाने त्याला विचारलं, "काय करत होतास?" दादा म्हणाला, "दोन्ही बाजूंच्या मापात फरक पडतोय साहेब, हे भेटणार नाहीत." साहेबाला वाटलं लिफ्टविषयीच बोलतोय. त्याने घाबरून दुसरा मेकॅनिक बोलावला.

आम्ही मंडळात इतकं हसलो की बाईंची कवळी सैल झाली. दादाही हसला. तुम्ही वेगळे झाल्यापासून मी त्याला हसताना पाहिलंच नव्हतं.

आता त्याची सहाशे पानं झाली आहेत. परवा मला विचारत होता, "त्या निळ्या बाजूच्या मुकादमाची बायको कुठे गेली ते पुढे कळतं का?" मी म्हटलं, पुढचं सांगायचं नाही, नियम आहे. तो म्हणाला, "तिला कळलं होतं का?" म्हणजे तुला. मी म्हटलं, कळलं असणारच, वहिनीने कधी पुस्तक अर्धवट सोडलं नाही. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं आणि पान उलटलं.

लिही गं काहीतरी. मला इथे बोलायला कोणी नाही.

तुझी,
वाळवी


११ एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. दोनदा वाचलं, मग काउंटरवर पालथं ठेवलं, मग पेशंट नसताना पुन्हा वाचलं. आता मला ते पाठ झालंय. तुझंच लिहिलेलं तुला परत लिहून पाठवते, कारण तू हे खरंच लिहिलंस यावर माझा अजून विश्वास बसत नाही:

"वाळवी, तुझी सगळी पत्रं मिळाली. बोगद्याची कादंबरी मी वाचलेली नाही. तीस-पस्तीस पानं वाचली असतील. तू आणून दिलेल्यांपैकी एकही मी पुरी केली नाही. मला त्या कळायच्या नाहीत आणि आवडायच्याही नाहीत. तू यायचीस म्हणून घ्यायचे. दिवसभरात त्या घरात माझ्याशी बोलायला येणारं तेवढं एकच माणूस होतं. पुस्तक नको म्हटलं असतं, तर तू आली असतीस का? त्याला सांग, मला पत्र नको. मी बरी आहे. नवीन प्रत पाठवू नकोस."

आधी राग आला. खरं तेच सांगते. खोटारडी, असं मी मोठ्याने म्हणाले. न्यायाधीश हातात होता, तो भिरकावला. तो जाऊन कवळ्यांच्या साच्यांच्या फळीवर आपटला आणि एका आजोबांचा खालचा जबडा फुटला. त्यांना पुन्हा माप द्यायला बोलवावं लागलं. डॉक्टर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तू मला मूर्ख बनवलंस असं वाटत राहिलं. मी आठवडाभर तुझ्याशी बडबडायचे आणि शनिवारी तू मंडळात तेच दोन वाक्यांत म्हणायचीस. मला वाटायचं, आपली मतं किती जुळतात! औषधवाल्याला मी फुशारकीने सांगायचे की माझ्या वहिनीसारखी वाचक या गावात दुसरी नाही. माझंच मत माझ्यासमोर परत यायचं आणि मी त्यावर टाळ्या पिटायचे.

मग राग ओसरला, आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट आहे.

भांडी घासतानाचं तुझं वाक्य मी तुला गंमत म्हणून लिहून पाठवलं होतं. ते वाचताना तुला काय वाटलं असेल? तू कोणत्याही मजुराविषयी बोलत नव्हतीस. तू माझ्याकडे पाठ करून, कशीबशी, मला सांगत होतीस. आणि मी प्रकरण ओळखलं म्हणून खूश! एकदाच असं झालं असतं तर ठीक होतं. पण बसून आठवायला लागले तर अशी वाक्यं एकामागून एक वर येतायत. "आज जेवायलाच बसले नाही." "आईकडे जाऊन राहावंसं वाटतं." "मी बोलते ते भिंतीला तरी कळत असेल." प्रत्येक वेळी मी विचारलं, कितव्या पानावर आहेस? मी अवघड कादंबऱ्यांतल्या आडून बोलणाऱ्या बायका ओळखते म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणारी बाई. माझ्यासमोर दोन हातांवर बसलेली बाई सरळ बोलत होती, आणि मला तिचं एक वाक्य कळलं नाही.

वाईट वाटतंय, वहिनी. इतकं वाईट वाटतंय की पुस्तक उघडवत नाही.

आणि दादाची शेवटची दीडशे पानं उरली आहेत. काल उड्या मारत आला, म्हणाला, "पुढच्या शनिवारी संपतं बघ!" पत्रासाठी चांगला कागदही आणून ठेवलाय त्याने. त्याला काय सांगू? तू वाचलेलंच नाही, हे सांगू? की शेवटपर्यंत वाचू देऊ आणि मग तुझा निरोप सांगू? तुला विचारतेय खरी, पण हे तुझ्या गळ्यात मारण्यात अर्थ नाही हे मला कळतं. बघते माझं मी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी वर कुठे दिलेलं नाही. ते मुद्दाम टाळलंय.

वाळवी


२ मे

वहिनी,

दादाने कादंबरी संपवली. शनिवारी मंडळात त्याने दहा मिनिटं सांगितलं, दोन्ही बाजूंच्या मोजणीत पहिल्याच दिवशी चूक कशी होती, आणि दोन्ही मुकादमांना ती दिसत असून प्रत्येकाने दुसरा सुधारेल म्हणून कसं सोडून दिलं. इतकं नेमकं आमच्यापैकी कोणी बोललं नव्हतं. बाई म्हणाल्या, "शाब्बास." त्यांनी आयुष्यात कोणाला शाब्बास म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

बाई आणि औषधवाला गेले. दादा खुर्च्या उचलून भिंतीला लावू लागला. ऊन काचेतून थेट त्याच्या पाठीवर येत होतं. मी ठरवलं होतं की चहा करेन, मग हळूहळू विषय काढेन. ते काही जमलं नाही.

"दादा," मी म्हटलं, "वहिनीने ही कादंबरी वाचलेलीच नाही."

"माहितीये," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"संध्याकाळी कामावरून यायचो तेव्हा खिडकीत बसलेली असायची. पुस्तक मांडीवर. खुणेची चिठ्ठी एकाच जागी, आठवडा आठवडा. एकदा तर पुस्तक उलटं होतं."

मग मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "मग तू तिला विचारलं नाहीस, काय झालंय म्हणून?"

"नाही."

"का?"

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. "म्हटलं, वाचतेय, म्हणजे बरी आहे. तसं धरून चालणं सोयीचं होतं गं. विचारलं असतं तर ती बोलली असती. मग मला ऐकावं लागलं असतं. मी टीव्ही लावायचो."

"तुला माहीत होतं, तर ही नऊशे पानं कशाला वाचलीस?"

त्याने कादंबरी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "ती ते धरून काय करत बसायची, ते मला बघायचं होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या जागेवर बसून वाचायचो. त्या खिडकीतून काय दिसतं, माहितीये तुला? समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. बाकी काही नाही, झाड नाही, रस्ता नाही. सात वर्षं, वाळवे. सात वर्षं ती टाकी बघत बसली होती आणि मी त्या खोलीत रोज जेवत होतो."

मग तो रडला. दादाला रडताना मी याआधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते मला कळलं नाही. पेशंटना देतो तो कागदी नॅपकिन मी त्याला दिला.

नंतर मी त्याला तुझा निरोप सांगितला, की तुला पत्र नको. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं." लिहिणार नाही तो. तू काळजी करू नकोस. त्याने आणलेला चांगला कागद त्याने मला देऊन टाकला, त्याच्यावरच हे लिहितेय. त्याचा काही निरोप नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाला, "माझं काहीच सांगू नकोस. आता तिला ऐकायला लावायची माझी पाळी नाही."

तो गेल्यावर मी दिवा न लावता वेटिंग रूममध्येच बसून राहिले. त्याच्यावर मनातून चिडायचा प्रयत्न करत होते. टीव्ही लावायचो म्हणे! पण त्याने टीव्ही लावला आणि मी कादंबरी उघडली, एवढाच आमच्या दोघांत फरक. तू मध्ये बसली होतीस आणि आम्ही दोघं भावंडं दोन्ही बाजूंनी तुझ्याकडे बघत नव्हतो. त्यातही त्याला दिसत तरी होतं. मला दिसतही नव्हतं.

तू विचारलं होतंस, पुस्तक नको म्हटलं असतं तर मी आले असते का. नसते आले, वहिनी. गेल्या वेळी टाळलं, आज लिहिते. तू कंटाळवाणी आहेस असं मी ठरवलं असतं, आणि दुपारी दुसऱ्या कोणाकडे तरी गेले असते. तुला ते तेव्हाच कळलं होतं, म्हणून तू पस्तीस पानं वाचून बाकीची वाचल्याचं नाटक इतकी वर्षं केलंस. माझ्यासाठी कोणी एवढे कष्ट घेतलेले नाहीत.

आणि मला तुझं काय माहीत आहे, ते आठवून बघितलं. तुला सकाळी लवकर जाग येते की उशिरा, मला माहीत नाही. लग्नाआधी तू काय करायचीस, तेही नाही. आता तू कुठे कामाला जातेस, तिथे दुपारी कोणाबरोबर जेवतेस, तुला तिथे कोणी हाक मारताना काय म्हणतात, यातलं काहीच मला माहीत नाही. विचारावं असं कधी सुचलंच नाही.

यापुढे मी तुला एकही पुस्तक सुचवणार नाही. लिहिलंस तर बरं वाटेल. नाही लिहिलंस तर मी तक्रार करणार नाही, आणि तुझ्या दारात येऊन उभीही राहणार नाही. पण एक विचारते, आणि यामागे कुठलीही कादंबरी नाही.

तुझ्या आताच्या खोलीला खिडकी आहे का? तिच्यातून काय दिसतं?

वाळवी